दहाव्याची गाडी

संचालक मंडळाची सभा सकाळी दहाला होती. पावणेअकरा वाजून गेले तरी सात खुर्च्यांपैकी एकीवरही माणूस नव्हता. खिडकीतून आलेलं ऊन तेवढं अध्यक्षांच्या खुर्चीवर ऐसपैस बसलं होतं. आरतीनं चहाचा थर्मास हलवून बघितला, ग्रुपवर टाकलेली सभेची सूचना पुन्हा उघडली आणि तिच्याखालचे सातही अंगठे नीट पाहून घेतले. सगळ्यांनी झाडून अंगठा दाखवला होता. त्याचा खरा अर्थ तिला आत्ता कळत होता.

शेवटी तिनं कंपनीच्या पिकअपचा ड्रायव्हर अमृत याला फोन लावला. मागे टाळमृदंगाचा आवाज येत होता. अमृत दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आमी समदे पिंपळवंडीला. दहाव्याला आलोय. अजून कावळा शिवला न्हाई."

आरतीनं फोन ठेवला आणि थर्मासातला चहा बाहेरच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतून टाकला. या हंगामात ती जास्वंद बहुतेक चहावरच जगली होती.

कंपनीचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण बोरी बुद्रुकात तिला नुसतं 'कंपनी' म्हणतात. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेली, द्राक्षं गोळा करून, निवडून, खोक्यांत भरून परदेशी पाठवणारी. पॅकहाऊस झालं, शीतगृह झालं, एक पांढरी पिकअप आली आणि पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेली मॅनेजरही मिळाली. ती मॅनेजर म्हणजे आरती. वारूळवाडीची सून, पण बोरीची लेक, आणि घोळ सगळा इथंच होता. संचालक म्हणजे तिचे चुलते, मामा आणि मामांचे मेव्हणे. बाहेरच्या मॅनेजरनं आवाज चढवला तर त्याला शिस्त म्हणतात. गावच्या लेकीनं चढवला तर पोरीला वळण नाही म्हणतात.

रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं एक तक्ता काढून भिंतीवर लावला होता. वर अध्यक्ष, खाली संचालक, त्यांच्याखाली मॅनेजर, मग सुपरवायझर, मग पॅकिंगच्या बाया, आणि सगळ्यांना जोडणारे सुबक बाण. कोण कोणाला विचारणार आणि कोण काय ठरवणार, सगळं त्यात होतं. नव्हता तो फक्त नदीचा घाट, आणि कंपनीचं खरं कार्यालय तर तिथंच होतं.

कारण जुन्नर-आंबेगावात माणूस गेला की दहाव्या दिवशी घाटावर अख्खं शिवार लोटतं. सकाळी सातपासून मांडव भरतो. महाराज प्रवचन करतात, पुढारी श्रद्धांजली वाहतात, आणि एक माणूस माइक धरून आलेल्यांची नावं पुकारतो. अमुक कारखान्याचे, तमुक पतसंस्थेचे, अमक्या कंपनीचे अध्यक्ष उपस्थित आहेत. ज्याचं नाव पुकारलं जातं तो आपला. ज्याचं राहतं त्याची आठवण वर्षभर निघते. एवढ्या गावांत रोज कुठंतरी कुणाचा तरी दहावा असतोच. म्हणून कंपनीची पिकअप रोज पहाटे उठून संचालकांना गोळा करायची आणि घाटाच्या रस्त्याला लागायची.

आणि त्याच वेळी कंपनीत काम करणाऱ्या बाया अंधारात उसातून चालत येत असत.

आरतीची झोप उडाली होती ती याच्यामुळे. पॅकिंगच्या सगळ्या बाया ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या. वस्तीपासून पॅकहाऊसपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी डोक्याएवढ्या उसातून येते. त्या उसात बिबट्या होता, मादी होती, आणि तिच्यामागं पिल्लं होती. आधी तिनं वस्तीवरचं वासरू नेलं. मग एका मोटारसायकलवाल्याच्या पोटरीवर पंजा मारला. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली आणि घोळक्यानं चाला, मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी लावा असं सांगून गेली. बाया घोळक्यानं चालत, मोठ्यानं बोलत आणि गाणी लावून येत. पॅकहाऊसच्या दारात पोचल्यावर एकदम गप्प होत, आणि ते गप्प होणं आरतीला बघवत नसे.

कामाची वेळ मागे सरकवता आली असती तर प्रश्नच नव्हता. पण द्राक्ष तोडायचं ते गारव्यात. ऊन चढायच्या आत माल निवडून, भरून शीतगृहात गेला नाही तर देठ सुकतो, आणि सुकलेल्या देठाचा माल बोटीवर चढत नाही. शिवाय हे कंपनीचं पहिलंच वर्ष थेट निर्यातीचं, पहिला कंटेनर भरायला आठवडाही राहिला नव्हता. बायांचे नवरे त्या वेळेला विजेची पाळी धरून पाण्याच्या मोटारीवर नाहीतर ऊसतोडीवर. भाड्यानं दुसरी गाडी घ्यावी तर त्यालाही मंडळाची मंजुरी हवी. सगळ्या वाटा फिरून त्या सात खुर्च्यांपाशी येत होत्या, आणि खुर्च्यांवरची माणसं घाटावर.

बायांच्या टोळीची म्होरकी प्रयागबाई. आरतीच्या सख्ख्या चुलत्याची बायको, आरती तिला नानी म्हणायची. आई आजारी असायची त्या काळात आरतीची वेणी हिनंच घातलेली. दोन दिवसांपूर्वी ती ऑफिसात आली, खुर्चीवर न बसता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आरते, सोमवारपस्तोर गाडीचं काय ते बघ. माझी मोहिनी पोटुशी हाये, तिला मी त्या वाटंनं आणायची न्हाई. सोमवारपून आमी उन्हं वर आल्यावर येऊ, न्हाईतर येनार न्हाई."

मोहिनी म्हणजे नानीची धाकटी सून. आरतीनं 'करते काहीतरी' म्हटलं आणि सभा बोलावली. त्या सभेचं काय झालं ते वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी आरतीनं हट्टच सोडला. संचालक ऑफिसात येत नसतील तर आपण घाटावर जाऊ, असं म्हणून तिनं स्कूटर काढली. परीक्षेत तिनं यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. कुठलीही एकच रचना सगळीकडे चालत नाही, परिस्थिती बघून संस्थेनं आपली घडी बसवावी वगैरे. प्राध्यापकांनी वर्गात वाचून दाखवलं होतं ते उत्तर. त्या प्राध्यापकांना एकदा घाटावर आणून बसवावं आणि म्हणावं, बसवा आता घडी, असं तिच्या मनात वाटभर येत राहिलं.

त्या दिवशीचा दहावाही मोठा होता. प्रवचन संपलं होतं, पिंड ठेवला होता आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. घरची माणसं पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द देत होती, धाकट्याचं लग्न करू, विहिरीचा वाद मिटवू. अशा वेळी कुणालाही जागचं हलता येत नाही. आरतीनं तेवढं हेरलं. कुंडलिकतात्या, म्हणजे कंपनीचे अध्यक्ष, सोमाजी आणि इतर तिघे संचालक एका लिंबाखाली उभे होते. सभेला चार लागतात, इथं पाच होते. तिनं तिथंच हळू आवाजात विषय काढला. वस्ती, ऊस, बिबट्या, मोहिनी, कंटेनर. पहाटे गाडी आधी बायांना आणेल, मग तुम्हाला नेईल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मोतीबिंदू काढल्यापासून गडद चष्मा. ते आरतीच्या आजोबांच्या भावकीतले, तिला अंगाखांद्यावर खेळवलेले. रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आरतीला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

"आरते, तुला वाटतं आमी मिरवाय येतो," ते म्हणाले. "मागल्या साली ह्याच घरच्या म्हातारीच्या दहाव्याला मी उशिरा पोचलो. माइकवर कंपनीचं नाव घ्यायचं राहिलं. त्या साली ह्यांची द्राक्षं कुणाकडं गेली? व्यापाऱ्याकडं. लोक भावाकडं बघून माल देत न्हाईत गं. आपल्या दुखात कोन उभा व्हता, त्ये बघत्यात. ही गाडी दहाव्याला जाती म्हनून तुझ्या पॅकहाऊसला माल येतो."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. सभासदांच्या यादीत निम्मी माणसं तात्यांनी घाटावरच मिळवलेली होती, हे आरतीला ठाऊक होतं. माणूस धादांत चुकीचं बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. निम्मं बरोबर बोलणाऱ्याशी भांडताना आपलाच घसा कोरडा पडतो.

मग सोमाजीला तोडगा सुचला. शेजारच्या तालुक्यात बाया शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात, ते त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. बिबट्या मानेलाच धरतो, तेव्हा मान राखली की काम झालं. तात्यांना ते एकदम पटलं. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. बायांना पट्टे द्यावेत असं कंपनीच्या इतिहासात सगळ्यात झटपट ठरलं, आणि आरती 'अहो पण' म्हणेपर्यंत कावळा खाली उतरून पिंडाला शिवला. जणू तोही सभा संपायचीच वाट बघत होता. लगेच सगळे पांगले, आणि आरती हातात स्कूटरची किल्ली घेऊन लिंबाखाली एकटीच उरली.

पट्टे मात्र वेळेवर आले. नारायणगावातल्या एका कारागिरानं काळ्या रेग्झिनला बाहेरून खिळे ठोकून बनवलेले, मागं बक्कल. आरतीनं ते टेबलावर मांडले तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. बाया आधी हसल्या. एकीनं घालून मान वेळावून दाखवली, दुसरीनं सेल्फी काढला. मग हसणं ओसरलं आणि एकेक जण पट्टा हातात उलटसुलट करत उभी राहिली.

प्रयागबाईनं खिळ्याच्या टोकावर बोट टेकवून बघितलं. "आमच्या मोत्याला असाच पट्टा व्हता," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. मागल्या पायाला धरून नेला."

मोहिनी खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आरतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याच पावली बाहेर जाऊन अमृतला सांगितलं की उद्या पहाटे गाडी आधी वस्तीवर जाईल, अध्यक्षांना उशीर झाला तर झाला, जबाबदारी माझी. अमृतनं मान डोलावली. तो चांगला मुलगा होता, पण तक्त्यातल्या बाणांपेक्षा त्याला गावातले बाण जास्त कळत होते. त्यानं संध्याकाळी तात्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं आणि 'मी काय करू' असं विचारलं.

तात्यांचा फोन आला तेव्हा आरती वारूळवाडीला घरी भाकऱ्या थापत होती. ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त कळवलं की बाकीच्यांशी बोलणं झालं आहे. गाडी मालासाठी आणि दहाव्यासाठीच वापरायची, मॅनेजरनं ड्रायव्हरला परस्पर काही सांगायचं नाही, आणि हे पुढच्या सभेच्या कागदात लिहून घ्यायचं. 'जेवलीस का' असंही त्यांनी शेवटी विचारलं. आरतीनं तवा इतक्या जोरात आपटला की आतल्या खोलीतून सासूबाई बघायला आल्या.

रविवारी आरती मुद्दाम वस्तीवर गेली. प्रयागबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून आरती समोर बसली आणि सांगता सांगता तिला रडू आलं. इतकी वर्षं शिकले, नोकरी इथंच पाहिजे म्हणून पुण्याची सोडून आले, आणि चार पावलांची वाट मला तुमच्यासाठी धड करता येत नाही, असं ती म्हणाली. नानीनं सूप खाली ठेवलं नाही, पण पाखडणं थांबवलं.

"गाडी फक्त दहाव्याला जाणाऱ्याला, नानी. तसा नियमच केलाय त्यांनी."

"दहाव्याला जानारा कुनी बी चालंल?"

"त्याला कोण नाही म्हणणार? दहाव्याला निघालेल्याला कोणी गाडीतून उतरवतं का?"

"न्हाई उतरवत," नानी म्हणाली आणि पुन्हा ज्वारी पाखडू लागली. उद्या अंधारात येऊ नका, मी कंटेनरवाल्याला काय सांगायचं ते सांगते, असं म्हणून आरती उठली. नानीनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि आरतीला वाटलं की समजूत काढायला ठेवला.

सोमवारी आरती अंधारातच पॅकहाऊसवर आली. बाया एवढ्या लवकर येणार नाहीत हे ठाऊक असूनही कान वाटेकडे होते. गाण्याचा आवाज आला नाही. दिवस उजाडला. ट्रॅक्टरमधून क्रेट यायला लागले, आणि नशीब असं की त्या दिवशी पाळी कुंडलिकतात्यांच्याच बागेची होती. काळीभोर द्राक्षं, गारव्यातली, देठ हिरवेगार. आरतीनं ते सावलीत रचून घेतले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिनं मोहिनीला फोन लावला, तो बंद. नानीकडे तर फोनच नव्हता. ऊन वर आलं, नऊ वाजून गेले, तरीही कोणी नाही. ऊन आल्यावर येऊ म्हटलं होतं, मग तेही का नाही? मनात नको ते यायला लागलं. उसातली वाट, मादी, पिल्लं.

तेवढ्यात अमृतचा फोन आला. यावेळी तो दबक्या आवाजात बोलत नव्हता, त्याला आवाजच फुटत नव्हता. "मॅडम, तुमी हितं या. आळ्याला, घाटावर. बाया हितं हायेत."

"कुठल्या बाया?"

"आपल्या. गाडीतनंच आल्या."

आरती स्कूटर दामटत आळ्याला पोचली. दहावा सखूबाईंचा होता. आळ्यातल्या सगळ्यात मोठ्या बागाईतदाराची आई, पिकल्या वयात गेलेली. तिच्या बागेत एकेकाळी वस्तीवरच्या सगळ्या बायांनी घडांची विरळणी केली होती आणि तिच्या हातची चटणी-भाकरी खाल्ली होती. तेव्हा त्यांचं येणं कोणालाच खोटं म्हणता आलं नसतं. अमृतनं नंतर सांगितलं ते असं. पहाटे गाडी वस्तीजवळ ओढ्याच्या फाट्यावर आली तर सगळ्या बाया रस्त्यात उभ्या. सखूमावशीच्या दहाव्याला यायचंय, प्रयागबाई म्हणाली. पुढं बसलेल्या तात्यांनी एकदा चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मागं बसलेल्या संचालकांना सरकून घ्यायला सांगितलं. दुसरं ते करणार काय होते?

मांडव खच्चून भरलेला. बायांच्या बाजूला पुढच्या दोन ओळींत आपल्या बाया बसल्या होत्या. धुतलेली लुगडी, पाचवारी साड्या, डोक्यावर पदर, आणि प्रत्येकीच्या गळ्यात खिळ्यांचा काळा पट्टा. मोहिनीच्याही. उन्हात ते खिळे चकाकत होते. महाराजांचं प्रवचन मध्येच दोनदा अडखळलं. माइकवाल्यानं नावं पुकारताना कंपनीच्या अध्यक्षांचं नाव घेतलं आणि साऱ्या मांडवानं आधी तात्यांकडे आणि मग त्या दोन ओळींकडे पाहिलं. सखूबाईंच्या थोरल्या सुनेनं न राहवून प्रयागबाईला विचारलं की हे गळ्यात काय आणि कशाला.

"कंपनीनं दिलंय," प्रयागबाई म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, आणि ते रडणं सखूबाईसाठीच होतं. "वाघाचं भ्या हाये ना वाटंला. गाडी दहाव्याला लागती, म्हनून आमाला पट्टं दिलं."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण दहाव्याच्या मांडवात बायांच्या बाजूला बोललेलं पुरुषांच्या बाजूला पोचायला किती वेळ लागतो? मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या सोमाजीला अचानक चपला शोधायची घाई झाली. आरती मागं एका खांबाला टेकून उभी होती. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि सगळ्यात जास्त राग येत होता, कारण हे एवढं सगळं व्हायला लागलं.

पिंड ठेवला. कावळे आले, बसले, हलले नाहीत. मुलानं पुढं होऊन बाग राखू म्हणून सांगितलं. नातवानं व्यसन सोडतो म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. मग कोणीतरी मागून म्हणालं की म्हातारीचा जीव कामाच्या बायांवर फार होता. ते कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण सगळा घाट हळूहळू तात्यांकडे वळला. आता ते काहीतरी बोलतील, असं धरून सगळे गप्प झाले.

तात्या पुढं आले. टोपी नीट केली, पिंडासमोर हात जोडले. "सखूबाई," ते म्हणाले, "ह्या बायांना आमी गाडी देऊ."

कावळे हलले नाहीत.

"रोज?" प्रयागबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पिंडाकडे पाहिलं. "रोज," ते म्हणाले. "आधी ह्यांना. मग बाकीच्यांना."

एक कावळा उतरला, दोन उड्या मारत पुढं आला आणि पिंडाला शिवून भाताचं ढेकूळ घेऊन गेला. तो कशामुळं आला ते त्यालाच माहीत. पण कंपनीच्या सभेतला ठराव पुढच्या सभेत फिरवता येतो. पिंडासमोर दिलेला शब्द फिरवायची जुन्नर तालुक्यात अजून कोणाची हिंमत झालेली नाही. आरतीच्या तक्त्यात जे कुठल्याच बाणानं झालं नव्हतं ते झालं होतं.

बाया तिथूनच गाडीनं पॅकहाऊसवर आल्या आणि पट्टे काढून कामाला लागल्या. पण ऊन चढलं होतं. तात्यांच्या बागेचे देठ सुकायला लागले होते. निम्मा माल बोटीचा राहिला नाही, नारायणगावच्या बाजारात गेला. तात्या दुपारी आले, एक घड हातात घेऊन देठ मोडून बघितला आणि घड परत क्रेटमध्ये ठेवून दिला. कंटेनर भरायचा दिवस चुकला नाही, कारण मंगळवारपासून गाडी आधी वस्तीवर जाऊ लागली आणि मोहिनी पुढं अमृतच्या शेजारी बसून येऊ लागली.

सभेचा कागद आरतीनंच लिहिला. 'अध्यक्षांच्या सूचनेवरून महिला कामगारांसाठी वाहनाची व्यवस्था करण्यात येत आहे' असं लिहा, असं सोमाजीनं सांगितलं. आरतीनं पेन दोन मिनिटं कागदावर टेकवून ठेवलं. मग लिहिलं. कोणाच्या सूचनेवरून ते अख्ख्या आळ्याला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. दहावे काही थांबले नव्हते. बाकीच्या संचालकांनी आपापल्या मोटारसायकली काढल्या. तात्यांना डोळ्याच्या ऑपरेशननंतर गाडी चालवता येत नव्हती, आणि पिकअप बायांना सोडून येईपर्यंत माइकवरची नावं संपून जायची. मंडळ पुन्हा घाटावर बसलं आणि त्यांनी मार्ग काढला. मॅनेजर नाहीतरी रोज पहाटे वारूळवाडीहून येतेच, तिच्याकडे स्कूटर आहे. ती तात्यांना नेईल.

आरतीनं ते ऐकलं तेव्हा भांडायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. ऑफिसात जाऊन तिनं भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं राहून बघितलं. अध्यक्षांपासून मॅनेजरपर्यंत येणारा बाण तिथं होता, पण मॅनेजरच्या मागं बसून जाणाऱ्या अध्यक्षांचा बाण कसा काढायचा ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिनं तक्ता काढून गुंडाळून कपाटावर टाकला.

दुसऱ्या दिवशी दहावा साकोरीला होता. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. तात्या दाराशी तयार उभे होते, धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. एका बाजूला पाय सोडून ते मागं बसले आणि त्यांनी सीटची कडी घट्ट धरली. तात्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट उसातूनच जाते. दोन्हीकडून पाती अंगाला लागत होती. आरती खड्डे चुकवत हळू चालली होती. इतकी वर्षं पिकअपच्या बंद केबिनमधून पाहिलेली वाट तात्या पहिल्यांदाच उघड्यावरून बघत होते. त्यांनी आधी मोठ्यानं खाकरून घेतलं. मग मोबाइलवर गाणं कसं लावतात ते विचारलं. डावीकडं उसात काहीतरी सळसळलं, तो वाराही असेल.

"आरते," ते म्हणाले, "त्यातला एखादा पट्टा शिल्लक हाये का गं?"

आरतीनं स्कूटर थांबवली नाही आणि मागंही वळून पाहिलं नाही.

"ते बायांसाठी मंजूर झालेत, तात्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी वेगळी सभा घ्यावी लागेल."